अर्धा सूत

रंगराजन साहेबांचा फोन आला कोइमतूरहून.
वीस वर्षं आपल्याकडनं बुश घेणारा माणूस.
म्हणाले, मे महिन्यात उटीला चार दिवस, सगळे सप्लायर,
सकाळी गोल्फ, संध्याकाळी धंद्याचं बोलायचं नाही.
मी हो म्हटलं.
फोन ठेवल्यावर अलका म्हणाली, येतंय का तुम्हाला?
म्हटलं, अजून दोन आठवडे हायत की.

काठी मीच केली.
रविवारी उद्यमनगरात मशीन रिकामंच असतं.
अर्धा इंची पाइप, टोकाला बिडाचा तुकडा,
चाळीस अंशात फेस मारला,
धरायला बजाज स्कूटरची जुनी मूठ.
नंदूनं हातात तोलून बघितली.
मालक, ह्यानं म्हैस पडंल.

राजारामपुरी, आठवी गल्ली, गच्ची.
पहाटे साडेपाच. जोतिबाचा डोंगर अजून नुसता डाग.
इकडं पाण्याची टाकी,
तिकडं कठड्यापलीकडं मुल्लाणी वहिनींची मिरची,
संकेश्वरी, चार चादरी भरून.
मध्ये मी, एकसष्ट वर्षांचा, पायजम्यात,
आणि कपड्यांच्या तारेला टांगलेला
मोज्यातला चेंडू.

शर्वरीनं पुण्याहून चेंडू पाठवले सहा, आणि एक व्हिडिओ.
त्यातला पोरगा सांगतो, डोकं हलवू नका,
आधी कंबर, मग खांदे, हात सगळ्यात शेवटी.
दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही.
हा लेथ आहे.
मानेपासून टाचेपर्यंत गेलेला स्पिंडल आहे,
आणि माझा सेंटर आऊट आहे.
किती असेल? अर्धा सूत.

अर्धा सूत म्हणजे काहीच नाही,
बोटाला कळतसुद्धा नाही.
पण अर्ध्या सुतापायी तेराशे नग परत आले होते एकदा,
शर्वरी अकरावीत असताना.
ट्रक दारात, पोती उतरवलेली,
आणि मी एक बुश हातात घेऊन
पहाटेपर्यंत नुसता फिरवत बसलेलो.
साहेब तेव्हा फोनवर एवढंच म्हणाले,
पुन्हा करून पाठवा.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
अशा माणसाला गोल्फ येत नाही म्हणून
कसं सांगायचं?

पाचव्या दिवशी टाकीचा कॉक गेला.
सातव्या दिवशी, पाऊस नको म्हणून आत घेतलं,
तर हॉलमधली ट्यूब.
अलका पाठीला मलम चोळताना बोलली नाही,
चोळायचा जोर मात्र बोलत होता.
दुकानात कामगारांसमोर मी सरळ चालायचो,
आणि कुणी नसलं की चक धरून वाकायचो.
रात्री झोपेत कंबर आधी वळायची, मग खांदे.
ती म्हणाली, पलीकडं तोंड करून झोपा.

आज तेरावा दिवस.
मोजा फाटला होता, दुसरा शोधायचा कंटाळा आला.
चेंडू तसाच ठेवला, नारळाच्या करवंटीच्या तुकड्यावर.
मारायचा नव्हता खरं तर.
नुसतं मापात उभं राहून बघावं म्हटलं.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही.
टूलला नवी धार असली
की छिलका आवाज न करता सुटतो,
लांब, गुंडाळत, निळसर,
आणि हाताला काहीच लागत नाही.
तसं.
चेंडू गेला. टाक्यांवरनं, डिशांवरनं,
शाहूपुरीच्या दिशेनं असावा.

मी तसाच उभा. काठी खांद्यावर, उजवी टाच उचललेली,
चौकातल्या पुतळ्यासारखा,
काच फुटायची वाट बघत.
कुत्रं नाही भुंकलं. कुणी शिवी नाही दिली.
पलीकडं वहिनी मिरची परतायला आल्या,
दोनदा शिंकल्या,
आणि मी बघतोय तिकडं त्याही बघायला लागल्या.
काय आहे हो भाऊ?
काही नाही, म्हटलं, थांबा जरा.

थांबलो दोघंही.
डोंगर उजळत होता.
आवाज अजून आला नव्हता.