मागे बसणाऱ्याचं वजन

फॉर्मवर दोन चौकोन होते:
चालवणाऱ्याचं वजन, मागे बसणाऱ्याचं वजन.
पहिल्यात रायनोने ब्याण्णव लिहिलं,
मग पेन्सिल कानामागे खोचून माझ्याकडे पाहिलं.
एकेचाळीस वर्षांत हा आकडा मी त्याला सांगितलेला नाही.
"तुझ्या मनाने लिही," म्हणाले,
आणि पिठात वेलची कुटून घालत राहिले.
त्याने लिहिलं, चौऱ्याहत्तर.

मी काही बोलले नाही.

होंडा त्र्याऐंशीची, मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी,
आणि मुलीपेक्षा जास्त वेळा घरी राहिलेली.
इथे थंडर बेच्या पुढे
बर्फ जातो तो डांबराखाली हात घालून जातो.
रस्ता भट्टीतल्या पावासारखा फुगतो, मग खचतो.
ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची,
चूक कबूल करणाऱ्या पोरासारखी.
गेल्या वर्षी मॅरेथॉनच्या अलीकडे
पुढचं चाक असं आपटलं
की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर. टक्.
संसारातले निम्मे संवाद आमचे असेच झालेत.

एप्रिलच्या शेवटी खोकं आलं.
रायनोने इंजिनाखाली जॅक लावला, चाक काढलं,
ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगला, रबरी नळीला ताण नको म्हणून.
शेजारचा ऑर्विल झाकण धरायला आला.
जुनं तेल निघालं ते काळं,
हेरिंगच्या रिकाम्या पिंपासारखा वास.
जुन्या स्प्रिंगा वर्तमानपत्रावर ठेवल्या
नव्यांच्या शेजारी.
बोटभर आखूड झाल्या होत्या.
"झिजल्या नाहीत," ऑर्विल म्हणाला, "बसल्या."
मी खिडकीतून ऐकलं,
आणि कंबर सरळ केली.

मग सील, मग तेल, मापाच्या ग्लासातून, दोन्हीकडे सारखं,
स्प्रिंगांवर पांढऱ्या प्लास्टिक पाईपचे तुकडे,
आणि फोर्कच्या चकचकीत नळीवर
प्लास्टिकची एक बारीक पट्टी, खूण म्हणून.
"ये, बस," रायनो म्हणाला.
मी स्वयंपाकाच्या एप्रनमध्येच मागे बसले,
हातांना पीठ, त्याच्या शर्टावर दोन पंजे.
ऑर्विल खाली वाकला, टेप लावली.
पंचवीस.
पस्तीस हवे होते.
पुन्हा बसलो. पंचवीस.

"पाईप लांबच देतात," ऑर्विल म्हणाला,
"कापून घ्यायला. आणि मागच्याचा भार
पुढे थोडाच येतो."
थोडाच.
रायनो नळीवरच्या त्या खुणेकडे
वाजवीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला.
शेवटच्या इंजेक्शनाला सात महिने झाले होते.
माझे स्कर्ट सेफ्टीपिनांवर आहेत
हे त्याला दिसत नाही, असं मी धरून चालले होते.
चौऱ्याहत्तर तो खरंच समजत होता,
की नुसतं लिहून ठेवलं होतं त्याने,
कुणी जागा धरून ठेवावी तसं?

रात्री गॅरेजमध्ये करवतीचा आवाज.
एक, थांबला. दोन.
मी दिवा मालवला नाही.

सोमवारी कपडे धुवायला काढले
तर त्याच्या खिशात दोन पांढऱ्या चकत्या,
सेंटिमीटरभर जाडीच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.
फेकायच्या वस्तूच्या कडा कोण घासतं?
विचारलं नाही. बटणांच्या डब्यात टाकल्या.

जूनमध्ये निपिगॉनला निघालो.
डावीकडे खडक, उजवीकडे तलाव,
आणि तोच रस्ता, तेच उंचवटे,
पण गाडी ते एकेक करून गिळत गेली,
म्हाताऱ्याने सूप प्यावं तशी, बिनआवाज.
पंचेचाळीस मैल आमची हेल्मेटं
एकदाही भेटली नाहीत.
पूल दिसेपर्यंत मी वाट पाहिली.
मग मीच पुढे झुकले.
टक्.

"काय झालं?" तो वाऱ्यातून ओरडला.
"काही नाही! बघतेय, बसलंय का नीट!"