शिट्टी हरवल्याबद्दल दंड

क्लेमनं ती बटाट्याच्या पिशवीतून काढली,
टेबलावर वर्तमानपत्र न पसरताच ठेवली:
अक्रोडाएवढा चिखलाचा गोळा.
"यंत्र कुंईकुंई करत होतं. एक वीत खाली, फडक्यात गुंडाळलेली.
शिट्टी असेल तर तुझी."
आणि चहात तीन चमचे साखर घालून बसून राहिला.

चाळीस वर्षं मी या बर्मिंगहॅममध्ये पितळ घासलं.
नळांच्या तोट्या, शवपेट्यांच्या कड्या.
आता घासत नाही.
जुन्या शिट्टीचा काळेपणा हाच तिचा जन्मदाखला,
तो पुसला की उरतं ते फक्त भांडं.
फुंकतही नाही. कुणाकुणाचे ओठ असतात तिथं.

टाकांच्या निबांसाठी केलेल्या कपाटात
माझ्या सहाशे अकरा शिट्ट्या निजलेल्या आहेत,
पंचांच्या, ट्रामवाल्यांच्या, एक हाडाची,
एकीच्या तोंडाशी दातांचे दोन खळगे.
म्युरिएल म्हणते, सहाशे शिट्ट्या
आणि घरात चिटपाखरू बोलत नाही.

ओल्या कापसानं फक्त अक्षरांवरची माती काढली.
कारखान्याचा पत्ता: त्या गल्लीत ते आठ वर्षं होते,
म्हणजे साल मुठीत आलं.
खाली, वाकडं ठोकलेलं: बॅरो हिल वेड्यांचं इस्पितळ. ७.

मग ग्रंथालयाचं तळघर, बसचा पास, डबा.
तिसऱ्या गुरुवारी सापडली,
पगाराच्या वहीत, साबणाच्या हिशेबाखाली:
"एल. गफ, परिचारिका, स्त्रियांचा वॉर्ड सात.
शिट्टी हरवली. दंड दोन शिलिंग."
पाच आठवड्यांनी पुन्हा. दोन शिलिंग.
नाताळच्या आधी पुन्हा,
आणि पुढे वेगळ्या शाईत: "निष्काळजी. कामावरून कमी."

क्लेमला विचारलं, शेत कसलं होतं?
सलगमांचं. इस्पितळाचंच.
वॉर्डातल्या बायकाच खुरपायच्या.

ती शिट्टी वाजली
की चार दणकट बायका धावत यायच्या
पट्टे घेऊन.

पुरली कुणी? त्यांच्यातल्या एखादीनं खिशातून लांबवून?
की लेटिशियानं स्वतः (लेटिशिया हे नाव जनगणनेत मिळालं,
वय एकवीस, बाप खिळे घडवणारा),
महिन्याच्या पगारातले दोन शिलिंग
मोजून, समजून, मातीत घालून?
मला वाटतं ते मला वाटतं.
कार्डावर वाटणं लिहीत नाहीत.
कार्डावर लिहिलं: पितळ, निकेलचा मुलामा गेलेला,
बुचाचा दाणा नाही.

दाणा कुजून गेलाय. त्याच्या जागी
शेतातलाच एक खडा अडकलाय आत.
चिमट्यानं निघाला असता.
चिमटा दोनदा हातात घेतला.

रात्री कपाट लावताना कानाशी धरून हलवली,
जरा, अगदी जराशी.

"काय खुडखुडतंय?" जिन्यावरून म्युरिएल.

काही नाही, म्हटलं.
सात नंबर.