पासंग

खारघरच्या काट्यावर चप्पल काढून चढायचं.
एकाहत्तर चारशे.
बिवलकर मॅडम फाइलीतून मान वर न काढता म्हणतात,
गोळीनं होतं थोडं. चालायला जाता ना?
जाते.
खाडीच्या बाजूनं चार फेऱ्या, करकरत्या गुडघ्यांसकट.
अजून सव्वातीन वर्षं गोळी,
रोज रात्री नऊला, मालिकेतल्या जाहिराती लागल्या की.

केमोत त्रेपन्न होते.
तेव्हा बिल्डिंगीतल्या बाया जिन्यात थांबून
च् च् करायच्या, पाक वाळलीस गं शालन.
आता त्याच बाया, तोच जिना,
तब्येत सुधारली हो!
मी हसते.
पिशवी या हातातून त्या हातात घेते.
पुतणीच्या हळदीला पाटल्या
साबण लावूनही चढल्या नाहीत, रुमालात बांधून परत आणल्या.
जीव वाचला ना, मग? जाऊबाई म्हणाल्या.
वाचला.
म्हणून कमरेबद्दल बोलायचंच नाही का?
माझी होती ती.

रात्री तीनला अंगातून वाफ निघते.
गॅलरीत जाऊन उभी राहते.
कोपरखैरण्यावरून गेलेल्या मोठ्या तारा गुणगुणत असतात
आणि मी पदरानं मानेवरचा घाम टिपत
उगाच मनोरे मोजते.
आत हे जागे असतात, कूस बदलत नाहीत.
एकतीस वर्षं दाणा मार्केटात तोलणार.
मूठभर गहू हातावर घेऊन सांगतात ओल किती,
पोत्याला हात लावून सांगतात, दीड किलो कमी.
मला मात्र एकदाही विचारलं नाही,
आज किती भरलीस.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात एक ओळ होती.
पाठवलेल्या भागाचं वजन, पाचशे ऐंशी ग्रॅम.
सगळे पुढचं वाचत होते,
गाठ केवढी, काखेतल्या किती निघाल्या.
हे त्या एकाच ओळीवर बोट ठेवून बसले.
चार-सहा आठवड्यांनी, टाके सुकल्यावर,
मसाला मार्केटातून मोहरी घेऊन आले, बारीक, निवडलेली.
मी मलमलची पिशवी शिवली.
माळ्यावरचा तराजू काढून त्यांनी ती तोलली,
पाचशे ऐंशी,
आणि म्हणाले,
एका अंगाला रिकामं असलं की माणूस वाकडं चालतं.
पासंग लागतो.
लग्नानंतर एवढं लांब बोलणं
मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं.

पण मोहरी ती मोहरी, ती कशी वाढणार?
उजवीकडची वाढत राहिली.
ब्लाउज तीनदा उसवले, शिलाईत ठेवलेलं कापड संपलं.
खांदा उजवीकडे ओढू लागला,
फोटोत मी दार नीट न लागल्यासारखी दिसते.

काल जेवणं झाल्यावर पिशवीचा टाका काढला.
हे मोहरीचा डबा आणि चहाचा चमचा घेऊन
फरशीवर मांडी घालून बसले.
मेढ्याकडच्या खळ्यावर सासरे धान्य मापायचे
तेव्हा एक म्हणत नसत.
पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन.
पहिला चमचा पिशवीत रिता करताना
ह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,
लाभ.
आणि चमचा तसाच हवेत राहिला.

मी म्हटलं, थांबलात का? म्हणा पुढचं.

दोन.
तीन.
चौथ्याचे दाणे अर्धे बाहेर सांडले,
टणटणत कपाटाखाली गेले.
राहू द्या, सकाळी झाडीन, मी म्हणाले,
आणि चष्म्याशिवायच
सुईत दोरा ओवत बसले.