पुस्तकाची भिशी

कन्ना चौकातून आत, सुताच्या गोदामाला लागून
सायन्ना येमूलचं दुकान.
पाटीवर 'चित्रग्रंथ प्रकाशन व विक्री',
खाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं: आत पंखा आहे.

मे महिन्यात ही दुसरी ओळच खरी.
पारा चव्वेचाळीसवर गेला की
रेहाना, अंबुबाई, नागम्मा सुपं घेऊन येतात,
भिंतीला टेकून बिड्या वळतात.
तंबाखूचे हात पुस्तकाला लागू नयेत म्हणून
सायन्ना त्यांच्यासमोर उकिडवा बसतो
आणि पानं उलटतो.
"हं," म्हटलं की पुढचं.
"थांब की ओ," म्हटलं की थांबायचं.

एका निळ्या चित्रावर नागम्मा
अख्खा कट्टा वळून होईपर्यंत थांबली होती.
काय दिसलं विचारलं, तर म्हणाली,
"काय नाही. गार वाटालंय."

किंमत अठराशे.
किती हजार बिड्या होतात
ते अंबुबाई बोटांवर मोजू लागली,
बोटं संपली तशी हसली.
त्या हसण्यातून भिशी निघाली:
अठरा मेंबर, महिन्याला शंभर,
जिची चिठ्ठी तिनं हवं ते पुस्तक न्यायचं.
ठराव एकच,
नळाला पाणी येईल त्या दिवशी भिशी नाही.

माझे वडील, विठोबा गज्जम, मेंबर नंबर अकरा.
एकतीस वर्षं ग्राफच्या कागदावर
चौकोन भरत बसलेले.
एक घर म्हणजे एक धागा.
मोर, कमळ, दोन हरणं, पुन्हा मोर.
त्यावरून पत्रे पंच व्हायचे, पत्र्यांवरून चादर,
चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव.

ते ग्राफ आमच्या फडताळात
डब्यांखाली अंथरलेले होते.
सायन्ना चहाला आला, डबे उचलून बाजूला ठेवू लागला,
चहा तसाच राहिला.
दीड वर्षानं पुस्तक झालं.

प्रकाशनाला मंडपवाल्याच्या खुर्च्या,
कडक भाकरी, शेंगाचटणी.
वडिलांना बोला म्हटलं, बोलले नाहीत.
बोट ओलं करून एकेक पान उलटत राहिले,
एक्केचाळीसवर थांबले.
"इथं एक घर चुकलंय."

सायन्नाचं तोंड उतरलं.
तीनशे प्रती बांधून आलेल्या.

"तुझं नव्हे रे, माझंच. बहात्तर सालचं.
मोराच्या मानेत, डावीकडून सातवं.
हजारो चादरी गेल्या असतील,
कुणी बोललं नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत
पायरीवर रेहाना उभी, काखेत चादर.
मग रिक्षावाला शब्बीर, आजोळची घेऊन.
मग कानडी शाळेच्या हिरेमठबाई,
लग्नातली, अजून घडी न मोडलेली.
दुपारपर्यंत पुस्तकांवर चादरी, चादरींवर माणसं,
तेलुगूत, उर्दूत, कानडीत
सातवं घर शोधत वाकलेली.
कुणाचा मोर विटलेला, कुणाचा कसरीनं खाल्लेला.
"घावलं बे!" शब्बीर ओरडला,
आणि सगळे त्या एका धाग्याकडे बघू लागले,
पाहुणा आल्यासारखे.

त्या दिवशी एकही पुस्तक खपलं नाही.
सायन्नानं पाटीवरची खडूची ओळ
पावसाळ्यात पुसट झाली तेव्हा
ऑइलपेंटनं पक्की केली.

गेल्या महिन्यात अकरा नंबरची चिठ्ठी निघाली.
मला वाटलं, वडील स्वतःचं पुस्तक मागतील.
त्यांनी निळं मागितलं, नागम्माचं.
रात्री ताट पुढ्यात,
बोटांना चटणीचं तेल,
म्हणाले, "तू उलट."

मी उकिडवा बसलो.
पहिली काही पानं भराभर गेली.
आता त्या निळ्यावर आहोत,
भाकरी संपून गेली आहे,
ताटातला हात वाळला आहे,
अजून "हं" म्हणालेले नाहीत.