गोपिनगावला जायचं म्हणतोय

कर्वे रोडवरचा पोरगा म्हणाला, काका,
नऊ दिवस, दहा शहरं, नाश्ता धरून.
त्याच्या कागदावर सगळी घरं एकसारखी,
खिडकीखिडकीत लाल फुलं,
केकवर नक्षी काढावी तशी.
मी विचारलं, यात गोपिनगाव कुठाय?
त्याला वाटलं, जुन्नरकडचं काही असेल.

चूक त्याची नाही.
ग्योपिंगेन म्हणायचं असतं, हे मलाही
निवृत्तीनंतर नातीनं शिकवलं,
ओठांचा चंबू करून.
भोसरीच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं
ते गोपिनगावच होतं.
लेथच्या अंगावर डावीकडे पितळी पट्टी,
तिच्यावर गावाचं नाव, खाली साल त्रेसष्ट,
म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी धाकटं.
सकाळी तेलाच्या फडक्यानं आधी पट्टी पुसायची,
मग चक, मग बेड.
देवाला आधी गंध लावतात तसं,
नाही, तसंही नाही.
बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात ना,
त्याच्या जवळपास काहीतरी.

शेजारची मिलिंग एस्लिंगेनची,
कोपऱ्यातलं ग्राइंडर नुर्टिंगेनचं.
"आज नुर्टिंगेनचं पोट बिघडलंय," तांबोळी म्हणायचा
आणि पाना घेऊन आडवा व्हायचा खाली.
आम्हाला वाटायचं, एकाच शिवारातली गावं असणार,
बांधाला बांध लागून.
परवा नकाशा पसरला डायनिंग टेबलावर,
तर खरंच तसं!
भोसरी, चाकण, आळंदी असावी
तितक्याच अंतरानं.
तांबोळीला फोन लावला. तो म्हणाला,
मग मी काय सांगत होतो?

कुंदा सहकारी बँकेत कॅशियर होती,
रुपयाला रुपया जुळल्याशिवाय उठत नाही.
युरो शंभराच्या खाली धरू नका, म्हणते,
विमा वेगळा, व्हिसा वेगळा,
आणि तुमच्या गुडघ्याला तिथले दगडी रस्ते.
"एवढ्या पैशात मशीन बघायला जायचं?
ते तर भंगारात गेलं."
मशीन नाही गं, गाव.
"गावात काय आहे?"

खरं सांगायचं तर ठाऊक नाही.
पुस्तकात त्याला मोजून दीड ओळ:
दोनदा जळालं,
दुसऱ्यांदा फूटपट्टी लावून सरळ रस्त्यांचं बांधलं.
हे मला वाचायची गरज नव्हती.
बेडवर डायल फिरवून बघितलं होतं मी,
केसाएवढाही बाक नव्हता.

मग तिनंच पुस्तक ओढून घेतलं,
चष्मा वर, चष्मा खाली,
आणि न्योर्डलिंगेनवर पेन्सिल टेकवली.
गोल तटबंदीचं गाव, आकाशातून दगड पडला
त्या खड्ड्यात वसलेलं.
"म्हणजे आपलं लोणारच की.
लोणार कुठे पाहिलंय आपण? आधी लोणार करू."
ते तर एसटीनंसुद्धा होईल, मी म्हटलं.
"म्हणून तर चाळीस वर्षं राहिलं."

तिथे बुरुजावर म्हणे माणूस असतो,
रात्री दहापासून बारापर्यंत
दर अर्ध्या तासाला खाली हाक देतो.
इतकी वर्षं, आणि अजूनही.
कुंदानं एवढंच वहीत लिहून घेतलं,
खर्चाच्या रकान्यात, समोर शून्य.

पट्टीचं मी तिला सांगितलेलं नाही.
भंगारवाला काटा लावत होता, मुकादमानं पाठ फिरवली,
चार स्क्रू निघाले, हातानंच निघाले जवळजवळ.
कपाटात आहे, पासपोर्टच्या खाली, रुमालात.
नेऊन काय करणार आहे, कोण जाणे.
कदाचित नुसतीच नेऊन परत आणीन.

रात्री जाग आली. वारज्याचा हायवे
एवढा कधी गप्प नसतो.
बेहेरानं फाटकावर काठी आपटली,
दोनदा, नेहमीसारखी.
"किती वाजले?" कुंदा उशीतूनच.
दीड.
"मग तिकडे दहा,"
ती म्हणाली, आणि कूस बदलली.