पन्नास टक्के

अवधूत मयेकर फोनवर म्हणाला,
"वैनी, दादांचा बोनस तुमच्या नावावर येतो.
तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो.
माणूस गेला की वारसाकडे."
मी चोडणच्या धक्क्यावर, रांगेत सहावी.
फेरीबोट अजून रायबंदरच्या काठाला चिकटलेली.
किती, विचारलं.
"पन्नास टक्के. याच्या वर कंपनी जातच नाही."

अकरा वर्षं तू काही मागितलं नाहीस,
त्याचं हे बक्षीस.
आधी वीस, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस,
मग निम्मं, आणि तिथंच थांबलेलं.
पाहुण्यांना सांगायचास हा आकडा
जसे दुसरे मुलांचे मार्क सांगतात.

न मागण्याचा खर्च तुझ्या वहीत आहे.
पर्वरीला फुटलेला मागचा दिवा: इनास, अठराशे, रोख.
माशेलच्या जत्रेत कुणी खिळ्यानं ओढलेली रेघ: तेवीसशे.
परसातला नारळ, थेट बॉनेटवर
(पाडेली दोनदा सांगूनही आला नव्हता,
महिनाभर तू त्याच्याशी बोलला नाहीस):
चार हजार दोनशे, रंग वेगळा.
सोसायटीत तीस वर्षं खतावण्या लिहिल्या मी.
रागानंच बसले बेरजेला,
तुला एकदा तरी चुकीचा ठरवायला.

चौदा हजार सहाशे पन्नास.
आणि सूट मिळाली ती सगळी धरून
तेवीस हजारांच्या वर.
पुन्हा मोजलं. पेन्सिल बदलून मोजलं.
हिशेब तुझ्याच बाजूनं लागला, मेल्या.

फक्त एक नोंद वहीत नाही.
त्या रात्री कळ आली तेव्हा
मी हाताच्या अंतरावर होते.
सकाळी बघू, असं तू स्वतःलाच म्हणाला असशील.
उठवलं नाहीस.

"वैनी, ऐकताय? आणखी एक आहे,
बोनसचं कवच. चारशे साठ रुपये.
वर्षात दोनदा मागितलं तरी पन्नासचे पन्नास राहतात."
तुझ्यासारख्याला हे पैसे पाण्यात.
ज्याला मागायचंच नाही
त्यानं मागण्याची मुभा विकत कशाला घ्यावी?
पण मी सत्तावन्नाव्या वर्षी लायसन काढलंय, अवधूत,
आणि उलटी गाडी घ्यायची म्हटलं
की अजून मला डावं-उजवं कळत नाही.
अठ्ठावीसशेची सूट, तिला चारशे साठची राखण.
सहा वर्षांत एकदा जरी नीट धडकले
तरी पैसे वसूल.
आणि धडकणार तर मी आहेच.
"टाक," म्हटलं.
"टाकतो. बारा तारखेपासून लागू. आज नऊ."

बोट लागली. फळी पडली.
नीळकंठ नेहमीसारखा हात हलवत ओरडला,
"बाये, दाव्यान! दाव्यान गे!"
मी उजवीकडे घेतली.

आवाज मोठा नव्हता.
चुलीवरून तवा ओढावा तेवढा.
मागच्या स्कूटरवाल्यानं मान दुसरीकडे वळवली,
सभ्य माणूस.
नीळकंठानं दारावर बोट फिरवून पाहिलं,
बोटाला लागलेला रंग पँटला पुसला
आणि म्हणाला, "व्हड कांय ना."

पलीकडे पोचेपर्यंत मी गाडीतच बसले.
मांडवीत पाणी ओहोटीचं, तपकिरी,
कांदळाच्या मुळांत एक पांढरी चप्पल अडकलेली.
मधले तीन दिवस ना नव्या कवचाचे.
जुन्यात मागितलं तर
तुझी अकरा वर्षं शून्यावर.
हा हिशेब मला पेन्सिलीशिवायही आला.

इनासनं तेराशे सांगितले, हजार घेतले.
"बाबाचो रंग उरला मगेलेकडेन," म्हणाला.

घरी येऊन तुझी वही काढली.
नारळाच्या पानानंतर अर्धं पान कोरं होतं.
तारीख घातली.
फेरीबोटीचा कठडा: इनास, हजार, रोख.
रंग तोच.