आकसण्याची जागा

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी लाकडी पॅटर्न करतो.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून पॅटर्न मापापेक्षा केसभर मोठा धरायचा.
ही जागा सोडली नाहीस, मिस्त्री म्हणायचे,
तर माल परत येतो बघ.

नीलांबिकेला सातवा लागल्यापासून
आम्ही नावं ओततोय
आणि ती परत येताहेत.

पहिली जाई. आईची पसंती.
बैलहोंगलहून फोनवर सासरे म्हणाले,
"ज्याई? छलो ऐती."
आईनं फोन माझ्या हातात दिला
आणि स्वयंपाकघरात जाऊन
एकदा हळूच म्हणून बघितलं, दातांना जीभ लावून,
जाई.

ओवी ठेवली तर तिकडं वोवी होते.
मुलगा झाला तर केतन ठरलं होतं,
पण कन्नडला शब्दाचं दार पुरतं लोटून घेता येत नाही,
फटीत एक अ राहतोच.
केतना.
आत्या म्हणाली, "पोरीचं नाव की हे!"

तिकडून मल्लव्वा आलं, तिच्या पणजीचं.
मी म्हटलं, वर्गात हसतील.
"कुठल्या वर्गात?" नीला म्हणाली, "मराठी की कन्नड?"
तेही ठरलेलं नव्हतं.

माझ्या आज्याचं नाव यल्लाप्पा, त्याच्या बापाचं कल्लाप्पा.
दोघांनी जन्मभर मराठीत शिव्या दिल्या,
मराठीत हिशेब ठेवले, भाऊबंदकी केली,
आणि नाव कुठल्या भाषेतलं
हे त्यांना वडगावात कुणी विचारलं नाही.

रात्री आम्ही नुसतेच शब्द घासून बघतो.
ऊर. माझी छाती, तिचं गाव.
ताई. माझी बहीण, तिची आई.
केळी म्हटलं की मला घड दिसतो,
ती म्हणते, ऐका.
आतून लाथ बसते.
कुठल्या शब्दाला, ते कळत नाही.

मग एका रात्री मी म्हटलं, सई.
ती उठून बसली. "सै!"
म्हणजे ठीक, कबूल, पंचांनी मान डोलवावी तसं.
आमच्यात सई म्हणजे मैत्रीण,
आणि टपालवाला आला की आई विचारते,
"सई कुठं करू रे?"
तिची आजीही कागदावर सहीच करते.
एवढ्या खाचांत बसणारा पॅटर्न
मी बारा वर्षांत केला नव्हता.
रात्री एकला उठून चहा टाकला.

चहाला उकळी येईतो तिचा चेहरा उतरला.
"एक काना जास्त पडला तर?"
पुढं बोलली नाही.
तेवढं कन्नड मला येतं.
सायि. मर.
फाउंड्रीत पोरं एकमेकांवर चिडली की
दिवसातून दहादा म्हणतात.
आणि इंग्रजी फॉर्मवर दोन्हींची अक्षरं तीच तीन,
एस, ए, आय.
तिथं काना पडायला जागाच नाही.

चहा निवून गेला. नाव नाही बदललं.

मुलगी झाली.
खिडकीतला कारकून चष्म्यावरून म्हणाला,
"साई? बाबांचं?"
"अल्लरी," मी म्हटलं. "सई."
"तेच की."
"तेच नाही."
मागची रांग चुळबुळायला लागली.
मी काचेला नाक लावून
त्याच्या पेनाचं टोक बघत उभा,
जसा भट्टीची धार बघतो.

आता तिकडची आजी सईव्वा म्हणते,
आमची आई सयूबाय,
शेजारची पोरं सय्या, सय्यू, काहीही.
नाव आकसलंच नाही, वाढत चाललंय.
याचं माप मिस्त्रींनी शिकवलं नव्हतं.

तरी अधूनमधून, ती झोपली की,
मी कपाटातला तो दाखला काढतो,
मोबाईलच्या उजेडात धरतो
आणि बघतो,
कन्नड स च्या डोक्यावरचा तुरा
आहे तिथंच आहे ना.